ठेंगणीची घोडी

६ फेब्रुवारी २०१६

चि. बारक्या,

आशीर्वाद. (अठ्ठावन्न पूर्ण झाली तरी तू चिरंजीवच. धाकट्यांना यातून सुटका नाही.)

सोबत ठेंगणीला पाठवतोय. तिचं काहीतरी बिनसलंय. मोकळ्या तारा छान जुळतात, पण पाचव्या पडद्याच्या पुढे गेलं की सूर चढे लागतात. बाराव्यावर तर इतका चढा की दात आंबतात. रोज सकाळी चहाच्या आधी अर्धा तास मी हिला वाजवतो. गेली पंचावन्न वर्षं त्यात खंड नाही, त्यामुळे तिला शिंक आली तरी मला कळते. दुकानात दुरुस्तीला आलेली बाकीची वाद्यं बाजूला ठेव आणि हिला नीट बघ.

परवा एक मुलाखत घेणारी बाई आली होती. किती वाद्यं वाजवता, म्हणाली. मी बोटांवर मोजत सांगितली: गिटार, मँडोलिन, बँजो, बास, अकॉर्डियन, आणि एका साबणाच्या जाहिरातीत दोन चमचे. ती लिहून घेत होती. ती गेल्यावर लक्षात आलं की युकुलेलेचं नाव मी घेतलंच नाही. घरातल्या माणसाला ओळखीच्या लोकांत कोण मोजतं? बाकीची वाद्यं नोकरीची, ही घरची.

तू तेव्हा तीन वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. गालगुंडात माझा डावा कान गेला आणि मी दोन महिने कोणाशी बोललो नाही. बाबांनी जुन्या कपाटाचं दार कापलं आणि ही एवढीशी युकुलेले करून माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही गिटारची ठेंगणी बहीण. उजव्या कानाशी धर, हनुवटीला टेकव. एक कान पुरतो." पुरला की. पंचावन्न वर्षं पुरला.

आता खरी बातमी. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये शहराच्या मोठ्या सभागृहात ऑर्केस्ट्राबरोबर माझा कार्यक्रम आहे. चाळीस जणांचा ताफा, आणि पुढे मी आणि ठेंगणी. माझ्यासाठी मुद्दाम रचना लिहून घेतायत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवलं, नाव छापलंच तर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. या वेळी फलकावर पहिलं नाव माझं असणार. म्हणून म्हणतो, हिची तब्येत ठणठणीत करून दे.

दादा

---

२३ फेब्रुवारी २०१६

ती. दादा,

नमस्कार. ठेंगणी पोहोचली. दोन आठवडे ठेवून घेतली, कारण पहिल्या दिवशी काही सापडलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मान सरळ आहे, पडदे झिजलेत पण सारखे झिजलेत. यंत्र लावून एकेक सूर तपासला. दुकानात बासरीवाले आले होते, त्यांनाही ऐकवली. ते म्हणाले, एवढं सुरात असलेलं जुनं वाद्य हल्ली बघायला मिळत नाही.

तारा जुन्या होत्या, त्या बदलल्यात. बाबांच्या शिस्तीप्रमाणे दुरुस्तीची चिठ्ठी पेटीतल्या तारांच्या खणात आहे. नेहमीसारखा तू ती वाजवून झाल्यावरच वाचशील, म्हणून इथेही लिहितो. काय आढळलं: काही नाही. काय केलं: तारा बदलल्या.

आता रागावू नकोस, पण कानात मळ साचलाय का ते एकदा बघून घे. तो एकच आहे, तेव्हा साफसफाईला वेळही निम्मा लागेल!

कार्यक्रमाची बातमी वाचून मी दुकान बंद करून घरी गेलो आणि हिला सांगितलं. हिला रडू आलं. मला नाही आलं, असं मी हिला सांगितलंय.

बारक्या

---

२ मार्च २०१६

बारक्या,

ठेंगणी परत पाठवतोय. तशीच आहे.

माझ्या कानावर विनोद करण्याची परवानगी या जगात फक्त बाबांना होती, आणि त्यांनी तो कधी केला नाही. या एका कानावर मी घर चालवलं, मुलीला शिकवलं. या कानाने सत्तर जणांच्या घोळक्यातून तिसऱ्या रांगेतला बेसूर व्हायोलिनवाला बोट दाखवून बाहेर काढलाय. आणि तू मला मळ काढायला सांगतोस? बासरीवाल्याचं प्रमाणपत्र पाठवतोस?

पाचव्या पडद्यावर किंचित, सातव्यावर त्याहून जास्त, बाराव्यावर जवळजवळ पाव सूर चढा. हे मी अंदाजाने लिहीत नाही, तीन सकाळी बसून ऐकलंय. घोडी सरकली असणार. तारा जिच्यावर टेकतात ती सरकली की नेमकं असंच होतं, हे तुला मी सांगायचं म्हणजे कमाल झाली.

तुला ऐकू येत नसेल तर तसं स्पष्ट सांग. इथे एक कारागीर आहे, परदेशात शिकून आलेला. त्याच्याकडे देईन. बाबांनी केलेलं वाद्य दुसऱ्याच्या हातात देताना मला बरं वाटेल असं समजू नकोस.

दादा

---

१९ मार्च २०१६

ती. दादा,

चुकलो. थट्टा नको होती, तुला नेमकं कुठे लागतं हे मला माहीत असायला हवं होतं.

तू म्हणालास ते बरोबर निघालं. घोडी वाफेवर उकलली. जुना सरस ढिला होऊन ती पुढे सरकली होती. तू लिहिलेल्या मापाने मागे घेऊन पक्की चिकटवली आहे, साधारण तांदळाच्या दाण्याइतकी. घोडीवरची, तारांखालची हाडाची पट्टीही थोडी घासली. आता वाजवून बघ.

चिठ्ठी. काय आढळलं: घोडी पुढे सरकली होती. काय केलं: मागे घेऊन बसवली.

कृपा करून त्या परदेशी कारागिराकडे देऊ नकोस. बाबांचं काम आपल्या दुकानाबाहेर गेलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

बारक्या

---

८ एप्रिल २०१६

माझ्या गुणी बारक्या,

शाब्बास! तीनदा शाब्बास!

पेटी उघडली, ठेंगणी उचलली, थेट बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तोच सूर, नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा ऐकला होता तो. मग तुझी चिठ्ठी वाचली. बारक्या, तुझ्यात बाबांचा हात उतरलाय. हे मी याआधी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायला हवं होतं. तू दुकानात राहिलास म्हणून मी जगभर वाजवत हिंडलो, हेही म्हणायचं राहिलंच होतं.

आणि एक गंमत. ठेंगणी सुरात आल्यावर बाकीच्यांचं पितळ उघडं पडलं. माझी गिटार वरच्या पडद्यांवर चढी, मँडोलिन चढी, स्टुडिओतला पियानो तर उजव्या बाजूला सगळाच चढा! पियानो जुळवणाऱ्याला मी चार लोकांत झापलं. तो म्हणे, कालच जुळवलाय. म्हटलं, मग आज परत जुळवा. मान खाली घालून पुन्हा कामाला लागला बिचारा. हल्ली कोणाचे कान शाबूत नाहीत.

मी बरा आहे. अधूनमधून कानात किटली उकळल्यासारखी शिट्टी वाजते, आणि परवा जिना उतरताना किंचित तोल गेला. वय झालं, दुसरं काय.

दादा

---

१५ जून २०१६

ती. दादा,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. हिने विचारलं, त्यात एवढं काय आहे? मी ते घडी करून खिशात ठेवलं.

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं. दादा, तालमी सुरू झाल्या की ठेंगणीऐवजी एखादी नवी युकुलेले घेशील का? ती जुनी आहे, मोठ्या सभागृहात आवाज पोहोचेल न पोहोचेल. मी एक करून देतो, चांगलं लाकूड आलंय. आणि ती शिट्टी म्हणतोस, तर सहज एखाद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. हवा बदलली की कान धरतात. इथेही पुष्कळांना तसं झालंय. दुसरं काही नाही.

पियानोवाल्यांशी भांडू नकोस.

बारक्या

---

३० जून २०१६

बारक्या,

कौतुक केलं तर डोक्यात हवा गेली वाटतं? माझ्या आयुष्यातला एक कार्यक्रम, आणि त्यात बाबांचं वाद्य बाजूला ठेवून तुझं वाजवू? फलकावर कारागीर म्हणून नाव हवं असेल तर तसं सांग, मी छापायला सांगतो. पण ठेंगणीच्या जागेवर डोळा ठेवू नकोस.

डॉक्टर-बिक्टर काही नको. कामं पडलीत. कार्यक्रम होईपर्यंत पत्राची वाट पाहू नकोस.

दादा

---

२१ सप्टेंबर २०१७

बारक्या,

वर्षभर लिहिलं नाही. अबोला मी धरला होता, आता मीच सोडतो.

कार्यक्रम झाला. मी नव्हतो त्यात.

दुसऱ्या तालमीला ऑर्केस्ट्राच्या संचालकांनी काठी खाली ठेवली. म्हणाले, तुम्ही एकटे वाजवा. मी वाजवलं. मग म्हणाले, पियानोबरोबर तेच वाजवा. वाजवलं. चाळीस जण आपापल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, सगळेच्या सगळे बेसूर आहेत आणि त्यांना त्याची लाज वाटतेय. शेवटी संचालक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमचं वाद्य वरच्या सुरांना उतरतंय." मी ताडकन उठलो. म्हणालो, "या वाद्याची घोडी माझ्या भावाने बसवलीय. आमच्या दुकानातून खोटी चिठ्ठी आजवर गेलेली नाही. जे आढळलं तेच लिहायचं, गिऱ्हाईक रुसलं तर रुसलं, असं आमचे वडील सांगून गेलेत." आणि ठेंगणीला घेऊन बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी फोन आला की तुम्ही विश्रांती घ्या. माझ्या जागी एक पोरगी वाजवून गेली. चांगली वाजवते म्हणतात. त्यानंतर मला कोणीच बोलावलं नाही, चमचे वाजवायलासुद्धा.

मागच्या महिन्यात जिन्यावरून पडलो. ठेंगणी हातात होती, तिची घोडी एका कडेने उकललीय. मला लागलं नाही, पण मुलगी ऐकेना, तिने डोक्याची तपासणी करून घेतली. उजव्या कानाच्या नसेवर गाठ आहे, लिंबाएवढी. काढावी लागेल, नाहीतर जिवावर बेतेल. काढली की तो कान गेला. डावा तर नाहीच. म्हणजे ६ ऑक्टोबरनंतर तुझा दादा ठार बहिरा.

डॉक्टर म्हणाले, अशी गाठ वाढताना आधी सूर वेडेवाकडे ऐकू येतात. दोन कान असले की एकाचं दुसऱ्याशी जमत नाही आणि माणसाला चटकन कळतं. तुम्हाला एकच, त्यामुळे कळायला दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवं होतं. दीड वर्षापूर्वी आला असतात तर वाटाण्याएवढी असती, कान वाचवायला पुष्कळ वाव होता. तेव्हा काहीच जाणवलं नाही का? मी आठवून बघितलं. दीड वर्षापूर्वी मला काय होत होतं? काही नाही. ठेंगणीची घोडी सरकली होती, तेवढंच.

तिला पाठवतोय. होती तशी बसवून दे, माझ्या कानाला बरोबर लागते तशीच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिला वाजवणार आहे. शेवटचं जे ऐकायचं ते बाबांचं असावं, एवढीच इच्छा आहे. वेळेत पाठव.

दादा

---

३ ऑक्टोबर २०१७

दादा,

हे पत्र आधी वाच. वाजवायच्या आधी. तुझ्या पाया पडतो, या एका वेळी आधी वाच.

घोडी सरकली नव्हती.

मार्चमध्ये तू ती परत पाठवलीस तेव्हा मी खरंच घोडी उकलली. तिच्याखाली लाकडावर बाबांनी पेन्सिलने ओढलेली रेघ निघाली. घोडी त्या रेघेवर चपखल होती. पंचावन्न वर्षांत केसभर हलली नव्हती. मला तिथेच कळलं की वाद्यात काही नाही, तुझ्या कानात काहीतरी आहे. मळाची थट्टा करताना मला काही माहीत नव्हतं, पण ती रेघ बघितल्यावर माहीत होतं. तुला एकच कान आहे हेही मला माहीत होतं.

तरी मी घोडी रेघेवरून उचलली आणि तू लिहिलेल्या मापाने मागे चिकटवली. वाद्य बिघडवलं, तुझ्या बिघडलेल्या कानाला जुळेल असं. आणि चिठ्ठीत खोटं लिहिलं.

का, ते सांगतो. तू ती दुसऱ्याकडे देशील याची भीती होती. तू चिडशील याचीही. पण एवढंच असतं तर मी महिन्याभरात कबूल केलं असतं. मग तुझं ते शाब्बासचं पत्र आलं. दादा, मी आयुष्यभर या दुकानात लोकांची वाद्यं उघडून बंद केली, आणि बाबांचा हात माझ्यात उतरलाय असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. ते पत्र मला परत करायचं नव्हतं. जूनमध्ये डॉक्टरांचं लिहिलं तेही चोरासारखं, आडून आडून. तू रागावलास तेव्हा मनातून सुटल्यासारखं वाटलं. चला, आपण सांगायचं ते सांगून झालं.

संचालक खरं बोलले होते. ते चाळीस जण सुरात होते. पियानोवालाही सुरात होता.

आता तू म्हणतोस, होती तशी बसव. मी पाच दिवस घोडी हातात घेऊन बसलो. दोनदा सरस गरम केला आणि थंड होऊ दिला. तेच खोटं दुसऱ्यांदा चिकटवायला हात धजला नाही. मी ती बाबांच्या रेघेवर बसवली आहे. तुला ती चढी लागेल. पण ती बरोबर आहे, हे डोक्यात धरून वाजव.

काय आढळलं: मागच्या वेळी कारागिराने घोडी मुद्दाम चुकीच्या जागी बसवली होती. काय केलं: मूळ जागी बसवली.

मी शुक्रवारच्या गाडीने निघतोय. दारात उभं करणार नाही म्हटलंस तर बाहेर बसेन.

बारक्या

---

११ डिसेंबर २०१७

बारक्या,

दवाखान्यात तू तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसला होतास, हे मुलीने कागदावर लिहून दाखवलं. तुला आत येऊ द्यायचं नाही, असं मीच तिला लिहून दिलं होतं. आता हात स्थिर झालाय, म्हणून लिहितो. तोंडाची उजवी बाजू अजून लोंबते, चहा सांडतो. बाकी ठीक.

पेटी आदल्या दिवशी दुपारी पोहोचली. तू पत्राच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात "आधी वाच" असं लिहिलं होतंस. ते तारांच्या खणात घातलंस, आणि तो खण मी ठेंगणीला बाहेर काढून, जुळवून, वाजवून झाल्यावरच उघडतो. पंचावन्न वर्षांत याला अपवाद नाही, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत आहे?

खोलीचं दार लावून घेतलं. हनुवटीला टेकवली. बाराव्या पडद्यावर गेलो. बारक्या, इतकं कर्कश मी कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, ही पण गेली. अर्धा तास खुंट्या पिळत बसलो, तारा सैल केल्या, पुन्हा ताणल्या. मग तुझं पत्र सापडलं.

वाचून झाल्यावर पुन्हा वाजवायला घेतली. बरोबर आहे, बरोबर आहे, असं मनाशी घोकत वाजवली. काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात मुलगी दार ढकलून आत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. दीड वर्षात ती माझं वाजवणं ऐकायला कधी बसली नव्हती, काहीतरी निमित्त काढून उठायची. आता मला कळतं ती का उठायची. त्या दिवशी बसून राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत बाबांनी शिकवलेली पहिली गत पूर्ण वाजवली. मला नुसता गोंगाट ऐकू येत होता आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना. म्हणाली, "बाबा, किती दिवसांनी नीट वाजतंय." मी ऐकलेलं शेवटचं धड वाक्य हे.

तू विचारणार नाहीस, पण मी सांगतो. तुला माफ केलेलं नाही. खोटं सांगितलंस ते स्वतःसाठी. खरं सांगितलंस तेही स्वतःसाठीच, तुझ्या हाताला बरं वाटावं म्हणून. जेव्हा खरं हवं होतं तेव्हा खोटं दिलंस, आणि एका दुपारपुरतं मागितलेलं खोटं द्यायच्या वेळी तुला नेमके बाबा आठवले. तू मळाची थट्टा केलीस तेव्हा मी तुला झोडपलं, ती माझी चूक. तेवढी मी माझ्या पदरात घेतो. बाकीची तुझी.

तो पियानोवाला मान खाली घालून पुन्हा जुळवायला बसला होता, तो मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याला पत्र लिहिलंय.

ठेंगणी परत पाठवतोय, कायमची. हनुवटीला टेकवली की थरथर कळते, सूर कळत नाही. मला थरथर नकोय. दुकानात ती फळीवर ठेवायची नाही, विकायची नाही, कोणाला द्यायची नाही. रोज सकाळी चहाच्या आधी अर्धा तास वाजवायची. तुला दोन्ही कान आहेत.

खणात चिठ्ठी आहे. या वेळी मी लिहिलीय. तू आधी वाचशील हे मला माहीत आहे, म्हणून इथे लपवत नाही.

काय आढळलं: वाद्यात काही दोष नाही.
काय केलं: परत पाठवलं.

दादा